यजमान आम्ही होतो

आमच्या वस्तीतल्या पोरांनी एका परदेशी बाईंना जेवू घातलं, ही गोष्ट त्या बाई सांगतात तशी घडलेली नाही. त्या सांगतात तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. मी सांगते तेव्हा येणार नाही, आणि आलंच तर सांगण्यात माझं काहीतरी चुकलं असं मी समजेन.

मी तिथे होते. पिठलं मी केलं होतं. त्यामुळे या गोष्टीवर त्यांच्याइतकाच माझाही हक्क आहे. खरं तर थोडा जास्तच, कारण त्या फक्त जेवल्या.

आमची वस्ती पुण्याजवळ, मांजरी गावाच्या अलीकडे, उसाच्या फडांना लागून होती. नव्वद सालानंतरची सुरुवातीची वर्षं. वडील हडपसरच्या एका कारखान्यात फिटर, आई सरकारी दवाखान्यात आया. घरात धान्याची कोठी होती, रॉकेलचा स्टोव्ह होता, भिंतीवर घड्याळ होतं. खाऊनपिऊन सुखी असं म्हणतात, त्यातले आम्ही. सुखी थोडं कमीजास्त होत असेल, खाऊनपिऊन मात्र पक्कं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे याच मुद्द्यावर भांडण आहे.

वस्ती सगळी बौद्धांची. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा आजोबांच्या पिढीने घरातले देव काढले, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी आणखी काय काय काढलं, ते कमी जणांना माहीत असतं. गावात दारोदार फिरून भाकरी मागणं त्यांनी बंद केलं. दुसऱ्यांच्या अंगावरून उतरलेले कपडे घेणं बंद केलं. त्यानंतरची काही वर्षं त्यांच्या घरात काय शिजलं असेल, देव जाणे म्हणायची सोय नाही, पण जड गेलं असणार. आमच्या आईच्या बोलण्यात त्याचा एवढाच नियम उरला होता, की कुणापुढे हात पसरायचा नाही आणि आपल्या दारात आलेल्याला तसंच पाठवायचं नाही.

पावसाळ्याचे तीन महिने आमच्या विहारात भन्ते मुक्कामाला असत. भन्ते म्हणजे भिक्खू, डोक्याचं मुंडण केलेले, अंगावर काषाय रंगाचं चीवर. रोज एकेका घराने त्यांना भोजनदान द्यायचं. त्याचे नियम आम्हा पोरांना पाढ्यांसारखे पाठ होते. भन्ते दारात आले की पाय धुवायचे. पांढरी चादर घातलेल्या आसनावर बसवायचं. हात जोडून त्यांच्याकडे शील, म्हणजे पंचशीलाची वचनं, मागायचं, ते देतील तसं मागून म्हणायचं आणि शेवटी ‘साधु, साधु, साधु’. मग वाढायचं. भन्ते जेवल्याशिवाय घरातल्या कुणीही घास तोंडात घालायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं बाराच्या आत उरकायचं. मध्यान्ह टळली की भन्ते दुसऱ्या सकाळपर्यंत अन्नाला हात लावत नाहीत. म्हणजे तुमचा स्वयंपाक लांबला तर तो माणूस तुमच्यामुळे दिवसभर उपाशी राहणार.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मोठी माणसं सगळी सकाळीच ट्रकमध्ये बसून यवतला गेली होती. नात्यातलं कुणी वारलं होतं आणि जलदानाचा, म्हणजे मयतानंतरचा विधी होता. सहामाही परीक्षा तोंडावर आली म्हणून आम्हा शाळकरी पोरांना मागे ठेवलं होतं. शेजारच्या मळ्यातली बाई मधूनमधून डोकावून जाणार होती. बाकी सगळ्यांत मोठी मी, पाचवीतली, म्हणून लक्ष ठेवायला मी.

अभ्यास जोरात चालू होता, म्हणजे आम्ही डांबरी रस्त्याच्या कडेला लगोरी खेळत होतो. तेवढ्यात एक जीप धापा टाकत आली आणि थांबली. तिचा पंख्याचा पट्टा तुटला होता. ड्रायव्हर एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर मागे बसून नवा पट्टा आणायला हडपसरला गेला, आणि एक बाई जीपमधून उतरून बाभळीखाली उभ्या राहिल्या.

उंच, गोऱ्या, उन्हाने लाल झालेल्या. केस इतके बारीक कापलेले की डोक्याची कातडी दिसावी. उवांमुळे की उकाड्यामुळे, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आणि अंगाभोवती भगव्याकडे झुकणारी तपकिरी ओढणी. ती त्यांनी मंडईच्या आसपास कुठेतरी घेतली असणार, तिथे तसल्या ढिगाने मिळायच्या. पण आम्हाला ते सुचायचं कारण नव्हतं. आम्हाला डोकं दिसलं आणि रंग दिसला.

‘भन्ते हाय!’ आमच्यातला एक जण म्हणाला.

‘येडा हायस का? बाई हाय ती.’

‘बायकांत बी असत्यात,’ मी म्हणाले. विहारातलं प्रवचन मी नीट ऐकत असे, आणि मी ते ऐकलंय हे इतरांना कळेल याचीही काळजी घेत असे. ‘भिक्षुणी म्हणत्यात त्यास्नी. लांबच्या देशातनं आल्या असत्याल.’

झालं. मी म्हटलं म्हणजे ते ठरलं. घरात मोठं कुणी नाही, भिक्षुणी दारात, आणि घड्याळात अकरा वाजत आलेले.

पुढे जे झालं त्याला बाई चमत्कार म्हणतात. मी त्याला धांदल म्हणेन. भाकरी गोल यायची अशी आमच्यात एकच होती, तिला परातीशी बसवलं. भात मी टाकला. खीर पाहिजेच होती, भन्त्यांना खीर वाढण्याचा मान मोठा, म्हणून एकाला दुधासाठी मळ्यात पिटाळलं. मळेवाली आमच्या धर्मातली नव्हती, पण ‘भन्ते आलेत’ म्हटल्यावर तिने तांब्या भरून दूध दिलं आणि माझाही नमस्कार सांगा म्हणाली. घराघरांतून कुणी लोणचं आणलं, कुणी गूळ, कुणी केळी. एकाला घड्याळाखाली उभा केला, वेळ ओरडून सांगायला. या घाईत पिठल्यात मिरची मापाबाहेर पडली, ते मला नंतर कळलं.

बाईंना आम्ही हाताला धरून आणलं. त्या हसत हसत आल्या. त्यांना मराठी दोनचार शब्दांपलीकडे येत नव्हतं आणि आम्हाला त्यांची भाषा तेवढीही नाही. उंबऱ्याशी त्यांचे पाय धुवायला घेतले तर त्या रडायला लागल्या. आम्ही घाबरलो. पाणी गार लागलं असेल म्हणून त्यात स्टोव्हवरचं ऊन पाणी मिसळलं, तर त्या जास्तच रडायला लागल्या. त्यांच्या धर्मात पाय धुण्याला फार मोठा अर्थ आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आमच्या दृष्टीने पाय मातीने भरले होते आणि पुढे पांढरी चादर होती.

त्यांना आसनावर बसवलं. मागे भिंतीवर दोन फोटो, एक बुद्धाचा आणि एक निळ्या कोटातला. आम्ही समोर ओळीने गुडघे टेकून बसलो, हात जोडले आणि पालीत, खड्या आवाजात, शील मागितलं. मागितलं की भन्त्यांनी द्यायचं असतं. बाई नुसत्या आमच्याकडे बघत राहिल्या. आम्ही पुन्हा मागितलं. तेव्हा त्यांना काहीतरी उमगलं असावं. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि बराच वेळ त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. आम्हाला एक अक्षर कळेना, त्यामुळे मागून म्हणता येईना. शेवटी त्या मोठ्याने म्हणाल्या, ‘आमेन.’

आम्ही एका सुरात म्हणालो, ‘साधु, साधु, साधु.’

इथपर्यंत दोन्ही धर्मांचं व्यवस्थित जमलं होतं. बिनसलं ते ताटावर.

ताट वाढलं. पिठलं, भाकरी, भात, लोणचं, केळं आणि वाटीभर खीर. बाईंनी ताटाकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. आमच्यातल्या सगळ्यात लहान पोरीची नजर खिरीच्या वाटीवरून हलत नव्हती. हलणार कशी? सकाळच्या चहा-चपातीनंतर तिच्या पोटात काही गेलं नव्हतं, आणि तेही माझ्याच हुकमाने. ‘भन्ते जेवल्याबिगर कुनी काय बी खायाचं न्हाई’ असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. बाईंनी वाटी उचलून तिच्यापुढे धरली. पोरीने हात पुढे केला. मी तिला मागून फ्रॉकला धरून ओढली.

‘आधी तुमी,’ मी बाईंना म्हणाले.

बाईंनी मान हलवली आणि वाटी दुसऱ्यापुढे धरली. तो मागे सरकला. मग त्यांनी भाकरीचे तुकडे केले आणि वाटायलाच निघाल्या. आमच्या घरात, आमच्याच पाहुणीने, आमचंच अन्न आम्हाला वाटायचं! माझं डोकं फिरलं. त्यात घड्याळाखालून आवाज आला, ‘पाच मिन्टं ऱ्हायली!’ शाळेत इंग्रजी त्याच वर्षी सुरू झालं होतं. त्यातलं एक क्रियापद मला नेमकं वेळेवर आठवलं. कमरेवर हात ठेवून मी ओरडले, ‘ईट!’

बाई जेवल्या. रडत रडत जेवल्या. मिरचीचा विचार केला तर त्यातले निम्मे अश्रू तरी माझ्या पिठल्याचे होते. शेवटचा घास त्यांच्या पोटात गेला तेव्हा बारा वाजायचे होते, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

तोवर ड्रायव्हर पट्टा घेऊन आला होता. बाई जीपपर्यंत गेल्या आणि हातात गाठोडं घेऊन परत आल्या. सोडून दाखवलं. फ्रॉक, चड्ड्या, स्वेटर. चांगले होते, धुतलेले होते, इस्त्री केलेले होते, पण कुणाच्या तरी अंगावरून उतरलेले होते. एकदोघांचे हात पुढे झाले. मी गाठोड्याची गाठ पुन्हा मारली आणि ते त्यांच्या हातात परत दिलं.

‘आज आमचं दान हाय,’ मी म्हणाले. ‘देनाऱ्यानं घ्यायाचं नसतंय.’

त्यांना शब्द कळणं शक्य नव्हतं. पोरगी नको म्हणतेय, लाजतेय, एवढंच कळलं असेल. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, आम्हाला ओळीत उभं केलं आणि फोटो काढला. खिरीची पळी माझ्या हातातच होती.

आम्ही जेवलो ते त्या गेल्यावर. पातेलंभर भात होता, भाकऱ्यांची चवड होती, खीर होती. सगळ्यांनी आडवा हात मारला. बाईंनी ते पाहिलं नाही. सगळा घोटाळा झाला तो इथे. त्यांनी आमची भूक पाहिली आणि जेवण पाहायच्या आधीच निघून गेल्या.

संध्याकाळी ट्रक परत आला. भिक्षुणी येऊन जेवून गेल्या असं मी वडिलांना मोठ्या ऐटीत सांगितलं. वडिलांनी जीप कसली, ड्रायव्हर कोण, सगळं विचारून घेतलं आणि पोट धरून हसले.

‘अगं, त्या मिशनच्या बाई. क्रिस्ताव हाईत. फुडल्या गावात त्यांचा दवाखाना हाय.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भोजनदान वाया गेलं. शील तर मिळालंच नव्हतं, आमेन मिळालं होतं.

‘पोटभर जेवल्या का?’ वडिलांनी विचारलं.

‘जेवल्या.’

‘मग झालं की. पाव्हणी उपाशी गेली न्हाई. आनखी काय पायजेल?’

त्यांच्या लेखी विषय तिथे संपला. माझ्याही लेखी संपला, आणि बरीच वर्षं संपलेलाच राहिला.

त्या वर्षांत मांजरीच्या उसात इमारती उगवायला लागल्या. वडिलांच्या कारखान्याने माणसं कमी करायला घेतली तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा कारखान्याची होती, निवृत्ती वडिलांची. त्या पैशांत माझं इंजिनिअरिंग झालं आणि मी सॉफ्टवेअर कंपनीत लागले. ज्या बांधावरून मी शाळेत जायचे तिथेच कंपनी उभी राहिली, असं लिहायला छान वाटलं असतं. पण कंपनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती आणि दोन बस बदलून जावं लागायचं.

तिथली माणसं हुशार होती, हसतमुख होती आणि चौकस होती. पुण्यात माणूस नाव विचारून थांबत नाही. ‘मूळचे कुठले?’ विचारतो. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, कुणाचंही असू शकतं, त्यामुळे त्यांची पंचाईत व्हायची. मग आडवळणाने यायचे. ‘तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा असतो?’

‘आमच्याकडे बसत नाही.’

‘अय्या, का बरं?’

‘बसवत नाही म्हणून.’

मी काही लपवत नव्हते. विचारणाऱ्याला सरळ विचारायची लाज वाटत असेल तर सरळ उत्तर देण्याची जबाबदारी माझी नाही, असं माझं तेव्हा मत होतं आणि आजही आहे.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक मैत्रीण होती. मैत्रीण हा शब्द मी विचार करून वापरते आहे. आम्ही एकाच दिवशी रुजू झालो होतो, एकमेकींच्या चुका निस्तरल्या होत्या, आणि दुपारी रोज डबा एकत्र उघडत होतो. माझ्या आईच्या हातची भरली वांगी तिला इतकी आवडायची की ती आधी माझा डबा संपवायची, मग स्वतःचा. मला ती मनापासून आवडत होती. ती आजारी पडली की ऑफिसात मला करमायचं नाही. एकदा नव्या बॅचमधल्या दोन मुलांबद्दल ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘कोट्यातले आहेत गं. आपल्यातलीच आहेस म्हणून तुला सांगते.’

‘आपल्यातली म्हणजे कुणातली?’ मी विचारलं.

ती खळखळून हसली. तिला तो विनोद वाटला. माझे ळ आणि ण तोवर स्वच्छ झाले होते, त्यावरून तिने माझं सगळं ठरवून टाकलं होतं.

कंपनीत दरवर्षी समाजसेवेचा एक दिवस साजरा व्हायचा. त्या वर्षी स्वागतकक्षात एक मोठं खोकं ठेवलं होतं, वर हसरा चेहरा काढलेला, ‘जुने कपडे इथे टाका’. दुपारी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. पाहुण्या म्हणून एक परदेशी बाई येणार होत्या, आयुष्यभर भारतात सेवा केलेल्या. त्या आल्या. केस आता पांढरे आणि खांद्यापर्यंत वाढलेले, त्यामुळे मी ओळखलं नाही. ओळखलं ते पडद्यावर फोटो आला तेव्हा. बाभळ, जीप, ओळीत उभी पोरं, आणि मध्ये पळी घेतलेली मी.

बाई सांगत होत्या. घरात मूठभर तांदूळ होता. आईबाप कामाच्या शोधात कुठेतरी गेलेले. तो मूठभर तांदूळ त्या मुलांनी या अनोळखी बाईला शिजवून घातला आणि स्वतः उपाशी राहिली. बाई घास देत होत्या आणि ती मुलं मागे सरकत होती. एक चिमुरडी डोळ्यांत पाणी आणून, हात जोडून, एकच शब्द सारखा विनवत होती: खा, खा. ज्यांच्याकडे काहीच नसतं तेच सगळं देऊ शकतात, हे मी त्या दिवशी शिकले, असं बाई म्हणाल्या. आणि अशाच वस्त्यांमध्ये आता तुमचे कपडे जाणार आहेत.

विनवत होती! कमरेवर हात होते माझे.

सभागृहात लोक नाकं पुसत होते. शेजारच्या खुर्चीतून मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला. ‘बिचारी गं पोरं,’ ती म्हणाली. तिचा तळवा ओला झाला होता.

उभं राहिलं तर काय होणार ते मला चांगलं ठाऊक होतं. गाव कुठलं, गणपती का नाही, आडनाव कुणाचं, सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका दमात वाटली जाणार होती. त्याची मला पर्वा नव्हती. बॉस काय म्हणेल, याचीही नव्हती. मला भीती होती ती त्या हाताची. तो हात मला हवा होता. आणि तो हात जिला बिचारी म्हणत होता, ती मी होते. बिचारी होऊन तो धरून ठेवणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी तो सोडवला आणि उभी राहिले.

माइक माझ्यापर्यंत यायला वेळ लागला. मी इंग्रजीतच बोलले. तोवर माझं इंग्रजी एका क्रियापदाच्या बरंच पुढे गेलं होतं. मी म्हणाले, ‘बाई, त्या फोटोत पळी धरलेली मुलगी मी आहे. आपण आमच्याकडे आलात, जेवलात, त्याचा मला आनंद आहे. पण आम्ही उपाशी नव्हतो. माझे वडील फिटर होते आणि आई नोकरीला होती. आम्ही बौद्ध आहोत. आपल्या डोक्यावरून आणि ओढणीवरून आम्ही आपल्याला भिक्षुणी समजलो. आमच्याकडे भिक्खूंच्या आधी कुणी जेवत नाही, म्हणून आम्ही थांबलो होतो. आपण गेल्यावर आम्ही पातेलंभर भात संपवला. आणि मी विनवलं नव्हतं. मी दरडावलं होतं, कारण बारा वाजत आले होते.’

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मग हसावं की नाही ते न कळून सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

बाई व्यासपीठावरून पायऱ्या उतरून माझ्या रांगेपर्यंत आल्या आणि माझ्याकडे निरखून पाहू लागल्या. ‘तुम्ही तीनदा साधु म्हणालात,’ त्या म्हणाल्या. ‘मी माझ्या गावच्या चर्चमध्ये इतकी वर्षं सांगत आले, की मराठीत धन्यवादला साधु म्हणतात.’

‘आपल्या आमेनला आम्ही तसं म्हणालो,’ मी म्हणाले. ‘अर्थ साधारण तोच आहे.’

त्या हसल्या, पण चेहरा पडलेला होता. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. ज्या गोष्टीच्या आधारावर त्यांनी इतकी वर्षं काढली होती, ती मी भर सभेत त्यांच्या हातून काढून घेतली होती. पण ती गोष्ट मुळात त्यांची नव्हती.

‘मग मी हे यापुढे कसं सांगू?’ त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता.

‘झालं तसं सांगा. मोठी माणसं घरात नसताना पोरांनी आपला पाहुणचार केला. फोटोही दाखवा. फक्त आम्हाला भुकेली मुलं म्हणू नका. यजमान म्हणा. आणि तेव्हा गाठोडं का परत दिलं, तेही सांगा. देणारे आम्ही होतो, म्हणून.’

त्यांनी मान डोलावली आणि माझा हात हातात घेतला. पुढे त्यांनी ती गोष्ट कुठे कशी सांगितली, मला माहीत नाही. त्या अजूनही जुनीच सांगतात असं एकदोघांकडून कानावर आलं आहे. बरोबर आहे, जुनीवर देणग्या जास्त मिळत असतील. म्हणून तर मी माझी लिहून ठेवते आहे. सूत्रसंचालन करणारी मुलगी लगबगीने माइकपाशी आली आणि हा अनुभव किती हृदयस्पर्शी होता ते सांगून तिने चहा जाहीर केला. मी वळून पाहिलं. शेजारची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी मी आईला मुद्दाम भरली वांगी करायला सांगितली. जेवायच्या सुट्टीत मैत्रीण नेहमीच्या टेबलाशी आली, समोर बसली, पण डबा मांडीवरच ठेवला.

‘तू कधी बोलली नाहीस,’ ती म्हणाली.

‘तू कधी विचारलं नाहीस. ठरवून टाकलंस.’

‘तसं नाही गं. मला काही फरक पडत नाही. मी असलं काही मानत नाही, तुला माहितीये.’

‘मग छानच,’ म्हणून मी माझा डबा उघडला आणि टेबलाच्या मध्यावर सरकवला. ‘घे. वांगी आहेत.’

तिने डब्याकडे पाहिलं. तिचा हात उठला, टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. तो थांबलेला हात मी अजून विसरलेले नाही.

‘अगं,’ ती म्हणाली, ‘आज माझा उपास आहे.’

‘कसला?’

‘असाच.’

तिच्या मांडीवरच्या डब्यातून गरम पोळीचा वास येत होता. ती मैत्री मला हवी होती हे मी आधीच सांगितलंय, ते परत घेत नाही. ती उठून गेली. टेबलाच्या मधोमध माझा डबा उघडा होता, आईने नेहमीसारखा दोघींना पुरेल इतका भरलेला. उपास तिचा होता, माझा नव्हता. मी पोटभर जेवले.